सांधा क्रमांक सात

सिमरोळ मागे पडलं की घाट,
घाटात आमचा पत्र्याचा कंटेनर,
त्याच्यासमोर बोगदा.
रामबागेतून निघते तेव्हा दुधवालेही झोपलेले असतात;
काँक्रीटचं खरं माप पहाटेच मिळतं,
ऊन त्याला फितवायच्या आत.

जानेवारी. बाहेर सहा अंश.
गेज बोटांना डसतो.
सांधा एक, बावीस पूर्णांक चार मिलिमीटर.
सांधा दोन, बावीस पूर्णांक एक.
आत जावं तसे आकडे निवत जातात.
चौदाव्यापुढे बारा महिने सव्वीस अंश;
तिथलं काँक्रीट कुणाच्या अध्यात ना मध्यात,
वैशाख ही त्यानं ऐकलेली अफवा.

सोसणं सगळं तोंडापाशी.
तिथवर ऊन येतं, दव येतं, ट्रकांचा कढत श्वास येतो
आणि वीस मीटरची भिंत
दिवसभरात केसाएवढी,
वर्षभरात अर्ध्या नखाएवढी
सरकते,
कुणाला न सांगता.

कॉलेजात शिकवलं तेव्हा कळलं नव्हतं,
आता रोज वाकून बघते तेव्हा कळतं:
काँक्रीट भेगाळणारच.
आपण फक्त आधी जाऊन विचारायचं, कुठे?
आणि तिथे सरळ रेघेत जागा सोडायची.
त्या आधीच कबूल केलेल्या भेगेला
आम्ही सांधा म्हणतो.
गेंदालाल मिस्त्री दरज म्हणतो.
टेंडरात जॉइंट असतं, दर मीटरला भाव.

फेब्रुवारीत भोपाळहून साहेब यायचे होते.
सातव्यातलं रबर गळून गेलेलं,
फट काळी, दात पडल्यासारखी.
मला बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, घाई होती.
खडूनं भिंतीवर लिहून गेले,
हातातून आपसूक उतरली ती घरची भाषा:
सांधा भरू नये.

गेंदालालनं ते वाचलं. नीट, दोनदा.
त्याच्या भाषेत नये म्हणजे नवे.
त्यानं नवा माल कालवला, एकास तीन,
सातवा तळापासून डोक्यापर्यंत ठासून भरला,
थापी फिरवून असा गुळगुळीत केला
की साहेब तिथेच थांबून म्हणाले, वा.
मी पत्र लिहिलं, उकरावा लागेल.
पत्र एप्रिलभर भोपाळात फिरलं.

मे. दुपारचे अडीच. त्रेचाळीस.
दोन भिंती एकमेकींकडे सरकल्या, दरसालच्या हक्कानं,
आणि मधे जागा नव्हती.
आवाज फार मोठा नाही,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
कडेचा ढलपा निघाला, अर्ध्या विटेएवढा,
रिकाम्या लेनमध्ये पडला. कुणी नव्हतं.
हे मी अजून अधूनमधून स्वतःला सांगते,
कुणी नव्हतं.

रात्री वाहतूक अडवून आम्ही दोघं
छिन्नीनं सातवा मोकळा करत बसलो.
तो खालमानेनं. म्हटलं, चूक माझी.
मग नये म्हणजे नहीं? त्यानं विचारलं.
नाही, तसं नाही.
तर मग मत? नको?
नको म्हणजे मला नको. आणि नये म्हणजे…
छिन्नी हातात तशीच राहिली.
तीन पिढ्या इंदुरात काढल्या आम्ही,
भाजीवाल्याशी, मास्तरांशी, कोर्टात, स्मशानात हिंदी बोललो,
आणि हा एवढासा शब्द मला पलीकडे नेता येईना.

त्यानं फुंकर मारून चुरा उडवला,
मोकळ्या फटीत बोट घातलं, पेरापर्यंत,
जरा वेळ तसंच ठेवलं.
आत अजून दुपारच आहे, म्हणाला.

नोंदवहीत लिहिलं:
सांधा सात, अठरा पूर्णांक दोन. मोकळा.
ढलपा पिशवीत टाकून घरी आणला.
टेबलावर असतो. त्याच्याखाली विजेची बिलं,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.